पिल्लांचं करायचं काय?

गेले तीन आठवडे आमच्याकडे उपोषण चालू होतं. माणसाचं नव्हे, माशाचं! फिशटँकमधली पिवळीधमक 'यलो लॅब' मादी गाल फुगवून, तोंड घट्ट मिटून दगडाआड बसलेली. खाणं टाकलं की बाकीचे तुटून पडायचे, ही नुसती बघायची. आई म्हणाली, "अरे, आजारी आहे का ती?"

आजारी नाही, तोंडात अंडी आहेत. हे मासे मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड. मादी अंडी घातल्याबरोबर तोंडात घेते. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. ती तेही टिपायला जाते, आणि तोंडातली अंडी फळतात. मग पिल्लं पोहू लागेपर्यंत जवळजवळ कडकडीत उपास.

मोठ्या टाकीत पिल्लं कुणाच्याही पोटात गेली असती, म्हणून तिला वेगळं ठेवलं. काही जण मादीचं तोंड उघडून पिल्लं काढून घेतात. मला ते बघवत नाही. परवा तिनेच सोडली. मोजली, तर सतरा!

शेजारचे काका म्हणाले, "नदीत सोडा की, तेवढंच पुण्य." हेतू चांगलाच हो. पण मला चिलापी आठवली, उजनीकाठी ताटात येते ती. तीही आफ्रिकन सिक्लिडच. त्यातली मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात मुद्दाम आणली, आणि तळ्या-धरणांतून ती पसरत गेली. बरेच मासे अंडी पाण्यावर सोडून निघून जातात, हिची पिल्लं आईच्या तोंडात. इथल्या माशांनी टक्कर द्यायची कशी?

म्हणजे बघा, ज्या आईपणाचं मी तीन आठवडे कौतुक करत होतो, तेच परक्या पाण्यात दुसऱ्यांच्या मुळावर येतं. नदीत सोडलेली पिल्लं मेली तर त्यांचे हाल, जगली तर नदीचे.

काकांना हे पटलं. लगेच म्हणाले, "मग मला द्या चार." त्यांच्याकडे काचेचा गोल बाउल आहे! ही मंडळी भांडकुदळ, चार फुटी टाकी लागते, पाणीही कठीण आणि क्षारयुक्त. नाही म्हणालो. काका जरा रागावलेत.

असो. मोठी टाकी असलेला कुणी भेटला तर देईन, नाहीतर सतराच्या सतरा माझीच. पुढच्या वेळी मात्र मादीला वेगळं काढणार नाही. मलावीत तरी कोण काढतं? जगतील ती जगतील.