कोपऱ्यातले पोते

सांगलीच्या ज्या उर्दू शाळेत मी शिकवते, तेथे आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात एक गोणपाटाचे पोते उभे असते. एके काळी ते हळदीचे होते. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे अशी जुनी पोती येथे सहज मिळतात. कितीही झटकले तरी त्याचा पिवळेपणा आणि वास अजून गेलेला नाही. या पोत्यात काय नाही? बेदाण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे, शिंप्याकडच्या चिंध्या, बाटल्यांची झाकणे, जुन्या लग्नपत्रिका, सायकलच्या फाटक्या ट्यूब आणि नारळाच्या करवंट्या! एकदा शाळा पाहायला आलेले पाहुणे म्हणाले, "हा कचरा अजून टाकला नाही वाटतं?" मुले एकमेकांकडे पाहून गालात हसली. आमच्या कार्यानुभवाच्या तासाचे सारे भांडार त्या पोत्यात होते, हे पाहुण्यांना कसे कळावे?

जुन्या वस्तूचे मोल मला बी.एड. होण्याच्या कितीतरी आधी कळले. ते शिकवले साताऱ्याच्या माझ्या नानीने. नानी शाळेत गेली नव्हती. पण वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारे मोहल्ल्यात कोणी नव्हते. वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी. अम्मीची विटलेली साडी, अब्बांचा विरलेला सदरा, आम्हा बहिणींचे आखूड झालेले फ्रॉक हे सारे ती स्वच्छ धुऊन, वाळवून ठेवी. मग त्यातला धड भाग कापून थरावर थर लावी आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत जाई. तिच्या सुया आणि दोरे कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात असत. बोटभर चिंधीसुद्धा ती टाकत नसे. "ठिगळाला होईल," म्हणत असे. साताऱ्याच्या थंडीत ती वाकळ पांघरली, की आम्ही भावंडे 'हा माझा फ्रॉक, हा तुझा' असे शोधता शोधता झोपी जात असू.

पुढे मी शिक्षिका झाले आणि सांगलीला आले. कार्यानुभवाच्या तासासाठी मुलांना सामानाची यादी देण्याची पद्धत तेव्हा सगळीकडेच होती. रंगीत कागद, चकाकी, थर्माकोल, डिंकाची बाटली अशी ती यादी असे. यादी दिली, की दुसऱ्या दिवशी काही बाके रिकामी दिसत. कुणाचे पोट दुखे, तर कुणाच्या घरी पाहुणे येत. खरे कारण सर्वांना ठाऊक असे, पण ते कोणी बोलत नसे. त्याहून गंमत म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेसाठीही काही पालक दुकानातून नवे कोरे सामान विकत आणत. नवे आणायचे आणि त्याला टाकाऊ म्हणायचे! प्रदर्शन संपले, की दुसऱ्या दिवशी त्या वस्तू खरोखरच टाकाऊ होत. पुढे २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. यादीतले एक नाव तर तेव्हाच गेले.

मी यादीच बंद केली. नियम एकच ठेवला: कोणी काही विकत आणायचे नाही. घरातून जे बाहेर टाकले जाणार आहे, ते घरच्यांना विचारून, पुसून, स्वच्छ करून आणायचे. डिंकाऐवजी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची. पोत्याचा जन्म असा झाला. पहिल्याच आठवड्यात त्या तासाला सगळी बाके भरली.

वर्गात एक मुलगा होता. त्याचे अब्बा हातगाडीवरून भंगार गोळा करत. मुले त्याला त्यावरून चिडवत, म्हणून तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसे. एके दिवशी पोत्यातून एक जुनी तोटी, तारेचा तुकडा आणि वाकडा पत्रा निघाला. मी विचारले, "यांतले काय कशाचे आहे, कोण सांगेल?" वर्ग गप्प होता. तो मुलगा हळूच उठला. त्याने खिशातून फुटक्या स्पीकरमधले लोहचुंबक काढले. पत्र्याला ते चटकन चिकटले. "हे लोखंड," तो म्हणाला. "तोटीला चिकटत नाही. घासली, की पिवळी दिसते, म्हणजे पितळ. तार लालसर आहे, म्हणजे तांबे. ॲल्युमिनियम हलके असते, त्यालाही चुंबक चिकटत नाही. टीचर, अब्बा सगळे वेगवेगळे करतात. एकत्र दिले, तर भाव कमी मिळतो."

जे विज्ञानाच्या पुस्तकात होते, ते त्याच्या हातात होते. त्या दिवसापासून पोत्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. चिडवणे एका दिवसात थांबले, असे नाही. पण "हे कशाचे आहे रे?" असे विचारायला मुले त्याच्या बाकाशी जाऊ लागली, आणि त्याची मान वर झाली.

मुलांनो, टाकलेल्या वस्तूंतून शिकणारे आणि शिकवणारे फार मोठे लोक आपल्या देशात आहेत. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले इंजिनिअर. १९७८ साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या खेड्यांतील शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामात सामील झाले. तेथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून खेळणी तयार केली. नळीचे छोटे तुकडे करायचे, त्यांत काड्या खोचायच्या, की झाला सांगाडा. आम्हीही तो करून पाहिला. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला, की तिरका होतो. त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. पुलाला आणि छपराच्या कैच्यांना त्रिकोण का लागतात, हे मुलांना फुकटात कळले. गुप्ता यांनी पुढे पुण्यात आयुका या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे नाव नेकचंद यांचे. चंदीगडला ते रस्त्यांच्या कामावर निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, दगड असे काय काय ते गोळा करत आणि नोकरीची वेळ संपली, की एकटेच त्यांच्यापासून माणसांच्या आणि प्राण्यांच्या मूर्ती घडवत. कितीतरी वर्षे कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. तेच 'रॉक गार्डन' १९७६ साली लोकांसाठी खुले झाले. आज दुरून दुरून माणसे ते पाहायला येतात.

आमच्या पोत्याची खरी परीक्षा मात्र २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात झाली. कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर ढीग लागले. गाद्या, कपाटे, धान्य, दप्तरे! काल ज्याला घर म्हणत होतो, ते आज रस्त्यावर कचरा होऊन पडले होते. शाळा पुन्हा भरली, तेव्हा एक मुलगी पिशवीत आपल्या फुगलेल्या वह्या घेऊन आली. "फेकवत नाहीत, टीचर," एवढेच ती म्हणाली.

आम्ही त्या वह्या कडक उन्हात वाळवल्या. ज्या पानांवर अल्लाहचे नाव होते, ती मुलांनी न सांगता आदराने बाजूला काढली आणि मशिदीत नेऊन दिली. उरलेली पाने फाडून उकळत्या पाण्यात भिजवली, कुटून त्यांचा लगदा केला. त्यात मेथीची पूड आणि मुलतानी माती मिसळली. पूर्वी घरोघरी बायका अशाच कागदाच्या टोपल्या करत. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे कीडही लागत नाही. पालथ्या वाडग्यावर फडके घालून त्यावर लगदा थापला. चार-पाच दिवसांनी त्याचे टणक, करड्या रंगाचे वाडगे तयार झाले. गेलेला अभ्यास त्याने परत आला नाही. तो तिला नव्या वहीत पुन्हा लिहावाच लागला. पण नव्या पेन्सिली तिने त्या वाडग्यात ठेवल्या. तिच्या घरी तो आजही वापरात आहे.

म्हणून आमच्या वर्गात टिकाऊ वस्तूची कसोटी एकच आहे: ती वापरात राहते का? नुसती शोभेला ठेवून धूळ खाणारी वस्तू आमच्याकडे नापास होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दिसेल ते उचलायचे नाही. फुटकी ट्यूबलाइट, संपलेले सेल, औषधांच्या बाटल्या, इंजेक्शनच्या सुया यांना हात लावू नये. काच आणि धारदार पत्रा मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच हाताळावा. वस्तू दुसऱ्याची असेल, तर आधी विचारावे.

आज घरी गेल्यावर केराच्या टोपलीपाशी क्षणभर थांबा. टाकण्याआधी हातातली वस्तू उलटसुलट करून पाहा. ती कशाची बनली आहे? तिचा कोणता भाग अजून धड आहे? आणि घरात कोणाला कशाची गरज आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली, की कामाला लागा.