श्वासाच्या खुणा

वही उघडली.

शाई विटलीय, अक्षर अजून लागतं. आणि ओळींच्या मधे पेन्सिलीच्या त्या बारीक उभ्या रेघा. आई, इथे तू श्वास घ्यायचीस.

सूर गेला. श्वासांच्या जागा तेवढ्या राहिल्या.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं घर. हिवाळ्याची संध्याकाळ, सतरंजी, पेटीचा धापा टाकणारा भाता. १९६२च्या ऑक्टोबरात उत्तरेच्या बर्फात पेटलेलं युद्ध महिन्याभरात थांबलं होतं. वाट पाहणं थांबलं नव्हतं. पुढच्या वर्षी ‘छोटा जवान’ सिनेमा आला, आणि त्यातलं ते गाणं. माडगूळकरांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, महेंद्र कपूर यांचा आवाज आणि त्यामागे उसळणारा समूहस्वर. ते पुरुषी गाणं तुम्ही सहाजणींनी काळी चारमध्ये आणलंत. हातात जवानांसाठी विणायला घेतलेले मोजे. सुयांचाच ताल.

रणगीत होतं ते. तुमच्या गळ्यात आलं आणि कुणाला तरी घरी बोलावू लागलं.

“सगळ्यांनी एकदम श्वास नाही घ्यायचा,” तू म्हणायचीस. “एकीचा संपला की शेजारणीनं धरायचं.”

आणि मग तो सूर उठायचा, कंदिलाच्या काचेवरून, ओसरीवरून, अंगणातल्या तुळशीवरून, अंधारलेल्या गल्लीतून, मला वाटायचं थेट बूढा तलावाच्या काळ्या पाण्यापर्यंत, तिथून पुढे जिथे रायपूर संपतं, जिथे कुणाचा तरी मुलगा बर्फात उभा आहे तिथपर्यंत, आणि इथे सहा श्वास आळीपाळीनं सरत राहायचे, एक सरला की दुसरा पुढे व्हायचा, दुसरा थकला की तिसरा, पण सूर म्हणून तुटायचा नाही.

तुझा एकटीचा आवाज मला आठवतच नाही. तू त्या सहाजणींतच होतीस.

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, १९४३ साली, संगीतकार पूलांकनं कवी एल्युआरच्या कविता अशाच अनेक गळ्यांवर सोपवल्या. बारा स्वरांच्या ओळी, वाद्य एकही नाही. छापल्या त्याही लपूनछपून. पहिल्यांदा गायल्या गेल्या त्या १९४५ मध्ये, लंडनला, परक्या भाषेत. तोवर ते गाणं कागदावर श्वास रोखून बसलं होतं.

त्याला गळे मिळाले.

तुम्ही एकेक करत उठून गेलात. सतरंजीवरच्या जागा रुंद होत गेल्या. पेटी बंद. सुया डब्यात.

शेवटची तू.

तुझा श्वास सरला तेव्हा शेजारी मी होते. चाल मला येत होती. शब्दही. मी धरलं नाही.

आता वहीवर तिरपं ऊन आलंय. घर इतकं शांत की पान उलटल्याचाही आवाज मोठा वाटतो. शेवटच्या ओळीवर बोट ठेवते. तिच्यानंतरही एक रेघ आहे, बारीक, उभी, तुझ्याच हातची.

तिथे तर गाणं संपतं. तिथे श्वास कशासाठी राखून ठेवलास, आई?