आई घरी नाही

पुणे,
रविवार, दुपार

चि. ओंकार,


परवा तू गेल्यावर उरलेला सिनेमा मी एकटीनंच संपवला. तू त्यातल्या तिसऱ्या बेलला उठलास. "मावशी, ही बाई सगळ्यांच्या घरी जाऊन तेच ते बोलणार का गं?" असं म्हणून फोन घेऊन गॅलरीत गेलास. मला तोंडावर उत्तर सुचत नाही, तुला माहीतच आहे. म्हणून हे पत्र.

हो, तेच ते बोलते. तू बघितलंस तेवढ्यात गोष्ट कळली असेलच, तरी सांगते. बेल्जियममधला सोलर पॅनेलचा छोटा कारखाना. सँड्रा नैराश्याच्या आजारपणातून उठून कामावर यायच्या बेतात आहे. तोवर मालकाच्या लक्षात आलंय की तिच्यावाचून सोळा जणांत काम भागतं. तो सोळा जणांनाच विचारतो, प्रत्येकी 1000 युरो बोनस हवा की सँड्रा? लोक बोनस घेतात. सोमवारी पुन्हा मतदान घ्यायचं ठरतं, आणि मधल्या शनिवार-रविवारी ती एकेकाच्या दारात जाते. 'टू डेज, वन नाइट', 2014 चा. दीड तासाच्या वर जेमतेम पाच मिनिटं.

1000 युरो म्हणजे तेव्हाचे साधारण 80 हजार रुपये. माझा जीव अडकला तो इथे. तुमच्या सिनेमांत शहरंच्या शहरं कोसळतात, कधी अख्खी पृथ्वी पणाला लागते, आणि मी निवांत चिवडा खात असते. पृथ्वीची किंमत मला करता येत नाही रे. 80 हजारांची येते. कुणाचं त्यात वर्षभराचं गॅसचं नि विजेचं बिल भागणार आहे, कुणाला घरामागची फरशी घालायची आहे. खलनायक म्हणावा असा त्यात एकही नाही. प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना मला वाटत होतं, बरोबर आहे याचं. आणि लगेच पुढच्या दारात ती पुन्हा तेच वाक्य बोलायला उभी!

तू गॅलरीत होतास तेव्हाचा एक प्रसंग सांगते. नादीन म्हणून एक मैत्रीण आहे. सँड्रा खालून बेल वाजवते. इंटरकॉमवर छोटी मुलगी बोलते, आई घरी नाही. आई शेजारीच उभी आहे हे सँड्राला कळतं, आपल्याला कळतं, आणि त्या पोरीलाही कळत असणार. आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीत नाही. संगीत फक्त गाडीतला रेडिओ लागतो तेव्हा. आपल्याकडे उधारी मागायला आलेल्याला पोरांकरवी हेच सांगत आलेत की सगळे!

मग तिमूर. फुटबॉलच्या मैदानावर पोरांना शिकवत असतो. सँड्रानं विचारताच हा दांडगा माणूस रडायलाच लागतो. तो नवखा असताना त्याच्या हातून काहीतरी फुटलं होतं आणि हिनं ते आपल्या अंगावर घेतलं होतं. तरीही त्यानं बोनसला मत दिलेलं. तेच ते वाक्य पुन्हापुन्हा का ऐकवलं, ते इथे समजतं. तिचं वाक्य तेच राहतं, दार उघडणारा माणूस बदलतो.

आता तुला चकित करते. ती सँड्रा म्हणजे मारियाँ कोटियार. तुझ्या लाडक्या 'इन्सेप्शन'मधली नायकाची बायको! ऑस्कर मिळवलेली नटी. इथे दोन दिवस बिनबाह्यांच्या साध्या टॉपात, केस कसेबसे बांधून, कधी बसनं, कधी गाडीनं हिंडते. याचे दिग्दर्शक दार्देन बंधू, ज्याँ-पिएर आणि ल्युक, एरवी फारसे नावाजलेले नट घेत नाहीत. लिएजजवळच्या सेरें या पोलादाच्या गावाभोवतीच त्यांचे बहुतेक सिनेमे घडतात. आधी कित्येक आठवडे तालमी, मग गोष्टीच्या क्रमानं चित्रीकरण. नटीचा थकवा रोज वाढत जाताना दिसतो तो त्यामुळेही असेल.

नावाजलेल्या नटांवरून आठवलं. 'बायसिकल थीव्हज'च्या वेळी, 1948 च्या आधी, हॉलीवूडचा एक निर्माता पैसे घालायला तयार होता, पण नायक कॅरी ग्रँट हवा म्हणाला. दिग्दर्शक डी सिकांनी खराखुरा कारखान्यातला कामगार उभा केला. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला. घरी येताना माझी लूना जागेवर आहे ना, हे दोनदा बघितलं होतं.

तुझ्या व्हीएफएक्सच्या कामाला नावं ठेवत नाहीये हं. चार सेकंदांच्या शॉटमधल्या दोऱ्या पुसायला तू तीन आठवडे घालवलेस, ते मी सगळ्यांना कौतुकानं सांगते. आणि 'इन्सेप्शन'मधला तो गरगर फिरणारा कॉरिडॉर खरोखर बांधलेला होता, हे तूच सांगितलंस तेव्हा मलाही नवल वाटलं होतं. तशी मजा मला हवीच असते, दिवाळीच्या फटाक्यांसारखी. पण ती थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत. सँड्रा मात्र परवापासून माझ्या मागे आहे. त्याचं कारण तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

मी भोसरीला अकाउंट्समध्ये होते तेव्हा एका दिवाळीआधी कागद फिरला. पॅकिंगमधल्या दोघी कमी केल्या तर बाकीच्यांना बोनस पुरा मिळेल. सही करा, असं कुणीच म्हणालं नाही. वाचून घ्या, म्हणाले. सहीची जागा मात्र छापलेली होती. माझी सही सातवी. त्या दोघींपैकी एक माझ्याच बसला असायची. तिचा महिना भरेपर्यंत मी आधीची बस धरली.

हॉलमधलं लोखंडी कपाट त्या बोनसचं. तू लहानपणी स्पायडरमॅन चिकटवलास ना, ते.

मतं मोजल्यावर काय होतं ते सांगत नाही. फक्त त्यानंतर मालक सँड्राला आत बोलावतो, तेव्हा फोन बाजूला ठेव. पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावलेला आहे. पुढच्या रविवारी येत असलास तर आधी कळव, म्हणजे थालीपिठाची भाजणी दळून आणते.

तुझी,
मावशी