वाकळ उसवताना

सोलापुरात जन्मून, सोलापुरातच तालुका कचेरीच्या दप्तरात ३५ वर्षे कारकुनी करून, निवृत्तीनंतर सुई हातात धरण्याची पाळी माझ्यावर येईल असे भाकीत एखाद्या ज्योतिष्याने केले असते, तर दिलेली दक्षिणा मी खात्रीने परत मागितली असती. पण ती पाळी आली, आणि तिचे निमित्त झाले आमच्या आईच्या हातची एक वाकळ.

ज्या नगरीचे नाव चादरीमुळे सर्वतोमुखी झाले तिथे वाकळेची कथा सांगणे काहीसे अप्रस्तुत वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या साचेखात्यात आमच्या वडिलांची हयात गेली, शेजारपाजारच्या पद्मशाली घरांतून दिवसभर माग खटखटत असत, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, जेकार्डवर फुलांची नक्षी उठवलेली चादर आमच्या घरी पाहुण्यांच्या आगमनाखेरीज ट्रंकेबाहेर निघत नसे. चादर ही विकण्याची वस्तू. अंगावर घ्यायची ती वाकळ. मराठी घरांत ती वाकळ किंवा गोधडी, अक्कलकोटकडच्या कानडी घरांत कौदी, पद्मशाल्यांच्या घरी बोंत. नावे निराळी, पण आतला ऐवज एकच: झिजलेले लुगडे, विरलेले धोतर आणि ज्यांची मूळ जात सांगता येऊ नये असे तुकडे.

गिरणीचा भोंगा झाला, वडील पाळीवर गेले आणि जेवणाची भांडी निघाली, की आई ओसरीवर लुगडे अंथरी, त्यावर थरावर थर चढवी, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवून लांब लांब कच्चे टाके घाली, आणि मग कडेपासून आरंभ करून, चारी बाजूंनी वळत वळत, एकेक बोट आत सरकत, मध्यभागाकडे येई. दोरा म्हणजे शेजारच्या मागावरून उरलेले सूत, दुहेरी पिळून मेणावरून ओढलेले. शिवून झालेल्या भागावर ती स्वतःच बसे. त्यामुळे वाकळ जसजशी पुरी होई, तसतशी आई तिच्या अंतरंगात शिरत चालली आहे, असा आम्हा मुलांना भास होई. या कामाला तिला पंधरवडा लागे की महिना, याची नोंद घरात कोणी ठेवली नाही. ज्या श्रमाची मजुरी द्यावी लागत नाही त्याचे तास मोजण्याची रीत आमच्यात नव्हती, हे येथेच नमूद केलेले बरे. कारण पुढे मी हातशिलाईची जी तरफदारी करणार आहे, ती एका पुरुषाने, आणि तीही निवृत्तिवेतन चालू असताना, केलेली आहे.

आई गेल्यानंतर तिची शेवटची वाकळ आमच्याकडे राहिली. वरचे इरकली लुगडे जागोजाग विरले, तेव्हा आमच्या सौ.नी ती यंत्रावर शिवून घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचे गुडघे जमिनीवर बसण्याच्या कामी केव्हाच राजीनामा देऊन बसले आहेत, आणि लग्नात आलेल्या त्यांच्या पायमशीनखाली एवढी जाड चवड सरकणे शक्य नव्हते. मी होकार दिला. दिवाळीपूर्वी वाकळ बाजारातील एका कारागिराकडे गेली आणि दोन दिवसांत परत आली. फुटपट्टीने आखाव्यात तशा तीन तीन इंचांवर सरळ रेषा, कडेला तांबडी पट्टी, एकही टाका वाकडा नाही. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि आईच्या शिलाईपेक्षा ही सरस आहे, असे मोठ्याने म्हणालो. ते शब्द मला अजून टोचतात.

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा झाली, गड्डा उठला, थंडी उतरली, तेव्हा वाकळ धुण्यास काढली. दोरीवर घालताच ओल्या वजनाने ती शिवणीच्या रेषेवर फाटली. एका ठिकाणी नव्हे, पाच ठिकाणी, आणि अशी सरळ, की पोस्टाच्या तिकिटांचा ताव टोचणीवरून फाडावा. मी तणतणत कारागिराकडे गेलो. त्याने फाटलेली कड बोटांनी चोळून पाहिली आणि शांतपणे सांगितले, "साहेब, शिलाई फाटली नाही, कापड फाटलंय. ह्याच्यात जीवच नव्हता."

तो खरे बोलत होता, हे मान्य करण्यास मला आठवडा लागला. १८५१ साली सिंगरने ज्याचे पेटंट घेतले त्या यंत्रापासून आजच्या मोटारीच्या मशीनपर्यंत तत्त्व एकच आहे: वरून सुईचा दोरा, खालून बॉबिनचा दोरा, आणि दोघांची कापडाच्या पोटात पडणारी घट्ट मिठी. नव्या कापडाला ही मिठी बळ देते. परंतु ३० वर्षे धुतलेल्या लुगड्याला इंचात दहा छिद्रे पडली आणि त्यांतून ताणलेला दोरा गेला, म्हणजे बळ दोऱ्याकडे राहते आणि छिद्रे कापडाच्या वाट्याला येतात. शिवाय यंत्राचे खालचे दात तळचा थर पुढे ओढतात, वरचा पाय वरचा थर दाबून धरतो. मधल्या तुकड्यांनी कोणाचा हुकूम मानावा हे ठरत नाही आणि आत वळ्या पडतात. हाताच्या धावदोऱ्याला मात्र अशी जबरदस्ती करता येत नाही. एकच सैल दोरा वरखाली जातो, आणि झोपेत माणूस कुशीवर वळला की तोही थोडा वळतो.

फाल्गुनात मी दाढीचे पाते घेऊन वाकळ उसवण्यास बसलो. कचेरीत जुनी दप्तरे सोडण्याचा अनुभव असल्याने धीर धरण्याची सवय होती. वरच्या लुगड्याखाली वडिलांचे धोतर, त्याखाली खाकी अर्ध्या चड्डीचा तुकडा (माझा की धाकट्या भावाचा, यावर फोनवर वाद झाला आणि तो निकाली निघाला नाही), त्याखाली पिशवीचे जाडेभरडे कापड, ज्यावरची अक्षरे पुसट झाली होती. १९७२ च्या दुष्काळात धान्याच्या रिकाम्या पिशव्याही आई टाकून देत नसे. आणि सर्वांच्या मधोमध, गाभाऱ्यात मूर्ती असावी तशी, एक संपूर्ण जुनी वाकळ. जुनीच्या अंगावर नवी चढवण्याची रीत असते, हे मी ऐकून होतो. प्रत्यक्ष पाहिले ते तेव्हा. तिच्यावरचे आईचे तांदळाएवढे टाके बहुतेक शाबूत होते. बाहेरच्या थरांनी तिला सांभाळले होते, तेव्हा हा पुरावा सर्वस्वी निःपक्षपाती नाही, हे मी कारकुनाच्या इमानाने सांगतो.

शेजारच्या पद्मशाली आजीबाईंना सारी गल्ली अक्का म्हणते. त्यांनी मला शिकवले. पहिल्या दिवशी माझी बैठक, सुई आणि एकंदर आविर्भाव पाहून त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, सुई लेखणीसारखी धरू नका. कागद नाही हा." दुसऱ्या दिवशी मी तीन ठिकाणी बोट टोचून घेतले, कारण बाजारात मिळालेले अंगुस्तान माझ्या बोटावर बसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाकळ उलटी करून तळची बाजू पाहिली. वरून टाका नीट दिसला म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. खाली माझे निम्मे टाके पोचलेच नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दोऱ्याचे टोक धरून ओढले, आणि माझी दोन दिवसांची मेहनत एका ओढीत निघून आली. कापडाला मात्र काहीही झाले नाही. हाताच्या शिवणीचा हा गुण मला त्या क्षणी मुळीच आवडला नाही.

हिशेब करण्याची खोड जात नाही. ६ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद वाकळ, ओळींमध्ये पाऊण इंचाचे अंतर धरले तर ४३२ फूट शिवण होते. इंचाला तीन टाके म्हणजे १५,५५२. हा आकडा मी अक्कांना ऐकवला. "मोजत बसलात म्हणूनच सरत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः आयुष्यात किती बोंती शिवल्या, हे विचारले तर उत्तर आले, की पोरे किती, सुना किती, बाळंतपणे किती, ते मोजा.

त्याच बोलण्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला यंत्र आणि हात यांच्या साऱ्या वादापेक्षा महत्त्वाची वाटते. वाकळ मशीनने मारली नाही, साडीने मारली. बंगालातील कांथा काय किंवा आमची वाकळ काय, दोन्हींचा आधार धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड. आजच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या, त्या विरत नाहीत, नुसत्या जुन्या होतात, घाम टिपत नाहीत आणि एकमेकींवरून घसरतात. सुनांच्या कपाटातून आता वाकळेचा माल निघत नाही. माझ्या वाकळेला वरचे कापड शोधताना याचा प्रत्यय आला: घरात एकही सुती लुगडे उरलेले नव्हते, आणि शेवटी मी दुकानातून कोरा मांजरपाट आणला, दोनदा धुतला, आणि चिंध्यांच्या वस्तूसाठी रोख पैसे मोजणारा घराण्यातील पहिला पुरुष झालो.

आषाढ लागला, पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहू लागल्या, तेव्हा मी मध्यावर पोचलो. माझ्या ओळी नदीच्या पात्रासारख्या आहेत. कुठे बोटभर, कुठे दोन बोटे. कडेचा गोट तेवढा राहिला होता, आणि त्यासाठी लागणारा चिकाटीचा साठा माझ्यापाशी शिल्लक नव्हता. हे ओळखून सौ.नी खुर्ची मशीनपाशी ओढली. कडेला थर मुळातच कमी होते आणि तिथे दोन्ही अंगांना मांजरपाट होता, नवा, छिद्रे सोसणारा. यंत्राला हरकत घेण्याचे कारण मला सापडले नाही. त्यांनी चाकाला हात लावला, मी सगळा भार दोन्ही हातांवर तोलून टेबलाशी उभा राहिलो, आणि सुई चालू झाली तशी मदत म्हणून वाकळ हळूहळू पुढे खेचू लागलो.

"अहो, ओढू नका," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नुसती धरा."