दोन महिने बाकी होते

उर्दूत नागरिकत्वाला 'शहरियत' म्हणतात. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात थबकतो. समोरच्या बाकावर माझी पुतणी बसलेली असते. ती जन्माने भारतीय. तिची अम्मी, म्हणजे माझी भाभी, अजून नाही.

आमचा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दादाअब्बांचे धाकटे भाऊ कराचीला गेले. दादाअब्बा इथेच राहिले. २०१० साली भाईजानचा निकाह त्यांच्या नातीशी झाला. तुटलेले नाते जुळले म्हणून अब्बा रडले होते.

नाते जुळले, कागद जुळेनात. भाईजानचे हमीपत्र, उर्दू निकाहनाम्याचे भाषांतर, दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज, मुदत संपत आली की पुन्हा तेच. घरात बी. एड. झालेला मी एकटा, म्हणून सारी लिखापढी माझ्याकडे. भारतीयाच्या पत्नीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्यातले अर्जाआधीचे बारा महिने सलग इथेच काढावे लागतात. १९५५ च्या कायद्यातले हे कलम मला पाठ होते.

२०१८ साली, त्या बारांपैकी दहाव्या महिन्यात, कराचीहून फोन आला. भाभीची अम्मी शेवटच्या घटका मोजत होती.

"भय्या, मैं हो आऊँ?" तिने विचारले.

मी बोटांवर हिशेब केला. "दो ही महीने बाकी हैं, भाभी. गिनती फिर से शुरू होगी."

ती गेली नाही. चार दिवसांनी अम्मी गेल्या. मोरीतला नळ सोडून ती रडली. मुलांना कळू दिले नाही.

पुढे वाचनात आले, विशेष कारण असेल तर त्या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंत सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. २०१५ च्या दुरुस्तीनेच तो दिला होता. सूट मिळाली असतीच असे नाही. पण मागता आली असती. मी कलम पाठ केले होते, पुढची ओळ वाचली नव्हती.

अर्ज दिला, तो अजून पडून आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसाला त्यातून वगळल्याचे कळेपर्यंत भाभीने मुलांचे कपडे घड्या घालून कपाटात लावले होते, आणि कुठे काय आहे ते पुतणीला दाखवून ठेवले होते.

भाभीने मला कधी बोल लावला नाही. अम्मीच्या बरसीला ती फातेहा देते आणि पहिले ताट माझ्याकडे पाठवते. तो पहिला घास माझ्या घशाखाली लवकर उतरत नाही.