घर छान, पण बसायचं कुठं?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी तयार घर घेतलं आहे? म्हणजे पाया कधी भरला, भिंत कधी उभी राहिली हे काही न पाहता एकदम किल्ली हातात पडलेलं घर? आम्ही तसं घेतलं. सेनगावात, मुख्य रस्त्यापासून थोडं आत, एका ओळीत बारा घरं. सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. तोच पिवळट रंग, त्याच सरकत्या काचेच्या खिडक्या, तोच काळा ग्रॅनाइटचा ओटा आणि पाय ठेवला की स्वतःचं तोंड दिसेल अशा चकचकीत फरश्या.

२२ मार्च २०२३ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, आम्ही राहायला आलो. चौथ्याच दिवशी संध्याकाळी आमचे हे शाळेतून आले आणि शेजारच्यांच्या कुलपाला किल्ली लावून खटपट करत बसले! शेजारच्या वहिनी मागून पाणी घेऊन आल्या तर यांचं आपलं चालूच, “कुलूप बिघडलं वाटतं.” आम्ही खूप हसलो. पण त्या रात्री मी मनाशी ठरवून टाकलं, की आपलं घर असं सजवायचं की बारा घरांत उठून दिसलं पाहिजे.

आता तुम्हाला खरं सांगते. मोबाइलवर पाहून-पाहून माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं होतं. समोरच्या खोलीला पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे. एक भिंत गडद तपकिरी. तिच्यासमोर काचेचं उंच शोकेस. खोलगट, मऊ सोफा. यांच्या पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि लाखभर रुपये एका खोलीत घातले. हे एकदाच म्हणाले, “जरा सावकाश केलं तर?” मी ऐकलं नाही. वास्तुशांतीला आलेल्या बायका दारातच “अगं बाई!” म्हणायच्या आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

जूनमध्ये आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचा जन्म माळवदाच्या घरात गेलेला. मराठवाड्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी कडीपाटावर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर. भिंती दोन-दोन हात रुंद. भर मे महिन्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं गार. पुढे ओसरी, ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता.

त्यांनी घर हिंडून पाहिलं. छताच्या दिव्यांकडे मान वर करून पाहिलं. मग म्हणाल्या, “घर लई चांगलं हाय माय. पण बसावं कुठं?”

मला हसूच आलं. हे म्हणाले, “आई, सोफा आहे ना एवढा!”

“त्यात बसलं की उठता येत न्हाई. हिरीत उतरल्यावानी होतंय.”

आत्याबाई मागच्या दाराशी, मोरीजवळच्या पायरीवर बसायला लागल्या. पाहुणे आले की उठून आत जायच्या. मला ते खुपायचं, पण मी त्याचा अर्थ वेगळाच लावला. म्हटलं, जुनी माणसं, होईल सवय. सवय झाली नाही. ऑगस्टमध्ये, पावसाळी दिवसांत, ओल्या पायाने आत येताना त्या त्याच चकचकीत फरशीवर घसरल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आणि प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. “मला गावाकडं सोड बाबा,” असं लेकाला म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाव इथून काही फार लांब नाही, तासाभराच्या आतलं. पण त्या गेल्या आणि घरात बोलणंच संपलं. हे मला एक शब्द लागेल असं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी रोज शोकेसच्या काचा पुसायची आणि त्या काचेत माझंच तोंड मला पाहवायचं नाही.

मग २१ मार्च २०२४ उजाडला. तुम्हाला आठवत असेल. सकाळी सहा वाजून गेले होते. मी चहाचं आधण ठेवत होते आणि ओटाच हलला. आमच्या हिंगोली जिल्ह्यात जमिनीतून आवाज येणं नवीन नाही. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे तर त्या गूढ आवाजांसाठी कितीतरी वर्षं बातम्यांत आहे. पण हा धक्का वेगळा होता. ४.५ तीव्रतेचा होता, हे मागाहून कळलं. शोकेस दातखीळ बसल्यासारखं कडकडलं, दोन काचेच्या बरण्या खाली आल्या आणि मुलगी नेमकी तिथेच गादी टाकून झोपली होती. काचा तिच्या उशीपासून वीतभर अंतरावर. तिला उचललं आणि आम्ही बाहेर धावलो. दहाएक मिनिटांनी दुसरा, लहान धक्का.

बाहेर सगळी ओळ रस्त्यावर. आणि यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, “आई!”

मैत्रिणींनो, मराठवाड्यातल्या माणसाला भूकंप म्हटलं की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. हजारो उठलीच नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छप्पर, ते सगळं एकदम अंगावर आलं. उन्हाळ्यात माया करणारं माळवद तसं. आणि आत्याबाई त्याच्याखाली एकट्या झोपल्या होत्या.

शेजारच्या पोराच्या फोनवरून बोलणं झालं. “काही न्हाई झालं रे. माती पडली जराशी अंगावर.” जराशी म्हणे! आम्ही आठच्या आत गावात होतो. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. आत्याबाई ओसरीवर बसलेल्या, केसांत माती. मी पदराने ती झटकायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि मला जे रडू आलं ते आवरेना. म्हटलं, “आत्याबाई, चला. तुम्ही सांगाल तिथे बसायची जागा करते.”

आता त्या जागेची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा सगळा पसारा मांडला.

सगळ्यात आधी शोकेस विकलं. जड आणि काचेचं सामान उंचावर ठेवायचं नाही, आणि जिथे कुणी झोपतं त्याच्या डोक्याशी तर मुळीच नाही, हे मी त्या सकाळी शिकले. कपाटं होती ती मिस्त्रीकडून लोखंडी पट्टीने भिंतीला आवळून घेतली. बरण्या, कळशा खालच्या फळीवर आणल्या. १० जुलै २०२४ ला पुन्हा तसाच धक्का बसला, तेव्हा आमच्या घरात एक वाटीसुद्धा पडली नाही.

सोफा गेला आणि त्याच्या जागी दिवाण आला. दिवाण नवा नाही हं. जुन्या घराची ती धोक्याची खोली उतरवली, तिच्या सागवानी फळ्या निघाल्या, त्याचाच केला. उंची दीड फूट. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि हात टेकून उठता आलं पाहिजे, हे माप. सुताराला सांगताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला बसवून माप द्या, स्वतःला नको. वर आत्याबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. खोलीत शिरलं की पहिली नजर तिच्यावर जाते. लाखभर रुपयांच्या वस्तूंकडे कुणी इतक्या वेळा पाहिलं नव्हतं.

फरशी सगळी उखडणं परवडणारं नव्हतं. म्हणून जिथे पाय ओले होतात तेवढ्याच ठिकाणी, म्हणजे दोन्ही दारांच्या आत, मोरीत आणि न्हाणीत, खरखरीत फरशी बसवली. न्हाणीत भिंतीला धरायला एक दांडी. आणि एक सांगू? सुटी पायपुसणी काढून टाका. चकचकीत फरशीवर ती पायाखालून सटकतात. ठेवायचीच असली तर खालून रबर असलेली ठेवा.

गडद भिंत पांढुरक्या रंगाने झाकली. लहान खोलीत गडद भिंत आणली की खोली आणखी आवळते. रंग निवडताना कागदावरचा नमुना पाहून भुलू नका. भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारून घ्या आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात असा तीनदा पाहा. मी पहिल्यांदा हे केलं असतं तर पैसे वाचले असते. खालून दोन फूट मात्र गेरूच्या जवळ जाणारा तांबूस पट्टा ठेवला. जुन्या घराची आठवण, आणि दिवाणाला टेकून बसणाऱ्यांच्या तेलकट डोक्याचे डागही दिसत नाहीत!

उन्हाचा प्रश्न मोठा होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि स्लॅब रात्रीपर्यंत आग ओकतो. गच्चीवर दोन हात पांढरा चुना दिला, त्यात थोडा डिंक मिसळून, म्हणजे धरून राहतो. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना असाच पांढरा रंग देण्याची मोहीम झाली. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं आणि आतली खोली दोन-तीन अंशांनी तरी गार राहते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा चिक लावला. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे. आत पडदा लावून उपयोग अर्धाच, कारण तोवर काच तापलेली असते. आतले पडदे मी घरीच शिवले, जाड पांढऱ्या सुती कापडाचे. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. शिवण्याआधी कापड एकदा धुऊन आटवून घ्यायला विसरू नका.

स्वयंपाकघराला हात लावला नाही. फक्त एक युक्ती सांगते. हळदीचा हा आपला मुलूख, डाग पडणारच. पांढऱ्या पडद्यावर किंवा ओढणीवर हळद सांडली तर घासत बसू नका. साबणाने धुवा, लालसर होईल, घाबरू नका, आणि कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन-तीन उन्हांत डाग फिकटतो.

शेवटी राहिली ओसरी. समोरच्या दारापुढे आमच्या हद्दीत चार फुटांची पट्टी होती, तिथे स्कूटर उभी असायची. स्कूटर बाजूला गेली. तिथे शहाबादी फरशीचा बसका कट्टा बांधला, वर बांबूचा मांडव, त्यावर मधुमालती. किल्लारीनंतर लातूर-धाराशिव भागात नवी गावठाणं झाली, सरळ रेषेत एकसारखी घरं मिळाली. पुढे माणसांनी त्या घरांपुढे आपापल्या ऐपतीने पडव्या काढल्या, छपऱ्या टाकल्या. भक्कम भिंती सरकारने दिल्या, बसायची जागा त्यांनी स्वतः केली. मला ते तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. जुन्या घराच्या चौकटीवरची गणेशपट्टी सुताराने घासूनपुसून आमच्या दारावर बसवली.

या दुसऱ्या खेपेचा खर्च झाला सव्वीस हजार, त्यातले अकरा शोकेस-सोफा विकून आले. पहिल्या कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. दर महिन्याला पगारातून कापले गेले की हे माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसतात. पीओपीचं छतही तसंच आहे, काढायला पुन्हा खर्च. आत्याबाई त्यातला एकच दिवा लावू देतात.

आणि त्या काही एकदम खूश झाल्या असं समजू नका. “पंख्याची हवा अंगाला लागती,” “नळाच्या पाण्याला चव न्हाई,” चालूच असतं. पोळ्याला गावाकडे जायचं म्हणजे जायचंच, बैलं असोत-नसोत. पण परत येतात. सकाळी कट्ट्यावर लसूण सोलत बसतात, आणि ओळीतल्या बाराही घरांतल्या बायका येता-जाता तिथे टेकतात. गेल्या महिन्यात माझी मावसबहीण पहिल्यांदाच आली. बाराही दारं सारखी, मी फोनवर खाणाखुणा सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, “राहू दे, सापडलं. कोपऱ्यावरच्या माणसानं सांगितलं, म्हातारी बसलेली दिसेल तेच घर.”

तेव्हा मैत्रिणींनो, नवं घर लावायला घ्याल तेव्हा मोबाइलवरची चित्रं जरूर पाहा, मीही पाहतेच. पण पहिला खिळा ठोकण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तू कुठे बसणार? आणि तुमच्या घरात कोण कुठे बसतं, ते मला नक्की कळवा हं.