बालाघाटची वाट

गोंदियाहून उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी बालाघाट वसले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हे शहर व नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे मध्ये सीमा आली, तरी सोयरीक, बाजार व मजुरी यांची वाट नागपूरकडे चालूच राहिली. २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ याच जिल्ह्याचा. परंतु धानाची कापणी आटोपली की तो पिकविणारे अनेक हात परगावी कामास निघतात आणि दारास कुलूप लागते.

वाचकहो, या कुलपाचा व फलाटावर निजणाऱ्या मुलांचा निकटचा संबंध आहे. पूर्वी येथून जबलपूरकडे अरुंद रुळांची गाडी डुलत जात असे. २०१५ साली ती थांबली. आता तो मार्ग रुंद झाला आहे. गोंदिया तर हावडा-मुंबई लोहमार्गावरच आहे. रुसून निघालेला पोर पाहता पाहता मुंबईस पोहोचतो.

अशाच मुलांसाठी येशूसंघीय फादर रिकार्डो फ्रान्सिस यांनी १९६२ साली मुंबईत स्नेहसदन स्थापिले. एका अवाढव्य वसतिगृहाऐवजी कुटुंबासारखी लहान घरे, ही तेथील रीत मला फार शहाणपणाची वाटते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनीही १९९६ साली मुंबईतूनच सुरू झाला.

मग दहाबारा स्वयंसेवकांच्या मंडळाने काय करावे? खाऊ वाटणे सोपे. छायाचित्रही छान येते! दयेपोटी मूल आपल्या घरी ठेवून घेणे मात्र योग्य नव्हे. एकटे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि नोंदणीवाचून बालगृह चालविणे हा गुन्हा आहे.

खरे कठीण काम त्यानंतरचे. समितीने मुलास घरी धाडण्याचे ठरविले, पण घरी आहे कोण? आईबाप हैदराबादेस, आजी अंथरुणास खिळलेली, किंवा बाप दारू पिऊन मारणारा असेल, तर पोर पुन्हा स्थानकाकडे धावणारच. म्हणून फलाटावर जसा माणूस हवा, तसाच गावीही हवा. शिक्षिका, अंगणवाडीच्या ताई किंवा देवळातील सेवक यांपैकी कोणीही मुलाच्या आधी त्याच्या दारी जाऊन यावे व दिसले ते समितीस स्पष्ट कळवावे. मूल परतल्यावर, विशेषतः कापणी संपताच, पुन्हा एक फेरी घालावी. या कामी बसभाड्यापलीकडे फारसा खर्च नाही. वेळ मात्र पुष्कळ लागतो, आणि दार बंद दिसल्यास शेजाऱ्यांकडे बसून चौकशी करावी लागते.